तीन डोमेन, एक मेल सर्व्हर: जानेवारी ते एप्रिल २०२५ च्या नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५

साताऱ्यात काकांचा छापखाना आहे. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचं संगणकाचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. ताई पुण्यात घरांची डिझाइनं करते. तिघांची तीन डोमेन (मेलच्या पत्त्यात ‘@’ च्या पुढे येणारं नाव), आणि तिघं मिळून अकरा मेलबॉक्स. आत्तापर्यंत मेलसाठी दर मेलबॉक्सला महिना १४० रुपये जात होते, म्हणजे वर्षाला १८,४८०. वाचनालयाच्या तीन मेलबॉक्सचे पैसे वर्गणीतून जातात, आणि ते दर वर्षी भरताना मला जड जातं. म्हणून ठरवलं, एकच सर्व्हर घ्यायचा आणि तिन्ही डोमेनचं मेल त्यावर चालवायचं.

आज सर्व्हर घेतला. २ जीबी रॅम, ५० जीबी डिस्क, महिना ६५० आणि वर १८ टक्के जीएसटी, एकूण ७६७. वर्षाचे ९,२०४. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). सॉफ्टवेअरमध्ये पोस्टफिक्स (मेल घेणं-पाठवणं), डोव्हकॉट (मेल साठवणं आणि फोन-संगणकाला दाखवणं) आणि जाणाऱ्या मेलवर डोमेनची डिजिटल सही (डीकिम) करायला ओपनडीकिम. स्पॅमचं नंतर बघू.

हे लिहून ठेवतोय ते याच वाटेने जाणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी. एका डोमेनचा मेल सर्व्हर मी पूर्वी उभा केलेला आहे. दोन-तीन डोमेन म्हणजे तेच काम, फक्त तीनदा, असं धरून चाललोय.

रविवार, १२ जानेवारी

सर्व्हरचं नाव काय ठेवायचं यात अर्धी सकाळ गेली. तीन डोमेन आहेत, मग तीन नावं लागतील का, तीन आयपी पत्ते (मशीनचे इंटरनेटवरचे आकडी पत्ते) घ्यावे लागतील का? लागत नाहीत. मेल पाठवणारा आधी डीएनएसला (इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला) त्या डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्याचं मेल कुठे द्यायचं ती नोंद, विचारतो, त्याला उत्तरात एक नाव मिळतं आणि तो त्या नावाच्या मशीनकडे जातो. वाचनालयाच्या एमएक्समध्ये छापखान्याच्या डोमेनमधलं नाव असलं तरी कोणाचं काही अडत नाही. जुळायला हव्यात त्या तीन गोष्टी: सर्व्हर स्वतःची ओळख सांगतो ते नाव, आयपीवरून उलटं शोधलं की मिळणारं नाव (पीटीआर), आणि त्या नावावरून पुन्हा तोच आयपी. पीटीआर सर्व्हर देणाऱ्या कंपनीच्या पॅनलमधून लावला. ‘मेल’ आणि पुढे छापखान्याचं डोमेन, हे नाव कायम केलं. त्याच नावाचं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र (सर्व्हर खरा तोच आहे याचा दाखला) घेतलं. ते ९० दिवस चालतं.

संध्याकाळी बाहेर मेल पाठवून पाहिलं. रांगेत अडकून पडलं, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. आधी पोस्टफिक्सचंच काही चुकलंय असं वाटून दीड तास त्याच्या फायली चाळल्या. शेवटी हातानेच बाहेरच्या एका सर्व्हरच्या २५ नंबरच्या पोर्टला (एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे मेल जातं ते दार) जोडून पाहिलं. जोडलंच जाईना, पण ५८७ ला लगेच जोडलं गेलं. नव्या ग्राहकांना स्पॅम पाठवता येऊ नये म्हणून कंपनीने बाहेर जाणारं २५ बंद ठेवलंय. ते उघडा म्हणून आज कंपनीकडे तिकीट (विनंती) टाकलं. सर्व्हर घेतल्याबरोबर पहिलं काम हेच करा, बाकीची मांडणी तोवर होत राहते.

आणखी एक अडखळ. मेलचा लॉग (सर्व्हरने काय केलं त्याची नोंद) जिच्यात असतो ती ‘मेल डॉट लॉग’ फाइल कुठे सापडेना. डेबियन १२ च्या नव्या मांडणीत ती फाइल लिहिणारा आरसिसलॉग आपोआप येत नाही, लॉग जर्नलमध्ये जातो. ‘जर्नलसीटीएल’ने पोस्टफिक्सचा लॉग समोर चालू ठेवायची सवय लावली आणि पुढे तिचा फार उपयोग झाला.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत. आज २५ नंबर उघडला. रांगेत पडलेली चाचणीची मेल आपोआप गेली. पोस्टफिक्स न गेलेलं मेल पाच दिवस धरून ठेवतो, त्यामुळे काही हरवलं नाही.

रात्री तिन्ही डोमेन पोस्टफिक्सच्या ‘मायडेस्टिनेशन’मध्ये (कोणत्या डोमेनचं मेल स्वतःचं म्हणून घ्यायचं ती यादी) लिहिली. पूर्वीच्या एका डोमेनच्या सर्व्हरवर असंच केलं होतं. प्रत्येक मेलबॉक्ससाठी लिनक्सचा एक-एक युजर काढला. छापखान्यासाठी ‘इन्फो’ आणि ‘हिशेब’, वाचनालयासाठी ‘ग्रंथपाल’ वगैरे. चाचणीचं मेल पोचलं. छापखाना आणि वाचनालय यांचे एमएक्स लगेच बदलून टाकले. ही घाई होती.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी साडेनऊला काकांचा फोन. “अरे, वाचनालयाच्या वर्गणीची विचारणा माझ्याकडे कशी आली? आणि एक नाही, तीन आल्यात. कोण्या बाईंनी आजीव सभासदत्वाचं विचारलंय.”

कारण लगेच लक्षात आलं. वाचनालयाचाही ‘इन्फो’ पत्ता आहे. ‘मायडेस्टिनेशन’मध्ये लिहिलेल्या सगळ्या डोमेनचे युजर सामायिक असतात. ‘@’ च्या पुढे काय आहे ते पोस्टफिक्स तिथे बघतच नाही. इन्फो@छापखाना आणि इन्फो@वाचनालय, दोन्ही मेल ‘इन्फो’ नावाच्या एकाच लिनक्स युजरकडे, म्हणजे काकांकडे.

मी बाहेर निघालो होतो, म्हणून फोनवरूनच सर्व्हरवर शिरून घाईने ‘एलियासेस’मध्ये (एकाचं मेल दुसऱ्याकडे वळवणारी फाइल) एक ओळ टाकली: इन्फोचं मेल ग्रंथपालकडे. बदल लागू करायला ‘न्यूएलियासेस’ चालवलं आणि गाडीत बसलो. दुपारी दोनला वाचनालयाच्या कार्यवाह सरांचा फोन. “तुमच्या काकांच्या पत्रिकांची प्रूफं आमच्या ग्रंथपालांच्या मेलमध्ये येतायत. एकाने तर ‘मंगळवारचा मुहूर्त आहे, आज छापायला घ्या’ असं लिहिलंय.”

‘एलियासेस’ या फाइललाही डोमेन कळत नाही. मी छापखान्याचं सगळं मेल वाचनालयात वळवलं होतं. लग्नसराईच्या दिवसांत काकांच्या गिऱ्हाइकाची मंजुरी दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये चार तास पडून राहिली. ग्रंथपाल मॅडमनी ती वाचून स्वतः काकांना फोन केला, म्हणून पत्रिका वेळेवर छापली गेली. नाहीतर एका घरच्या लग्नात माझ्यामुळे घोळ झाला असता. ही गोष्ट मला फार लागली.

रात्री दोन्ही मेलबॉक्समधली मेल एकेक उघडून योग्य जागी हलवली. एकूण ३७. दोन्हीकडे फोन करून काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. एकाचं खासगी मेल दुसऱ्याने वाचलं होतं, ते लपवून ठेवणं बरोबर नव्हतं.

रविवार, १९ जानेवारी

सगळी मांडणी पाडून पुन्हा केली. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत. ज्यांना एकाहून जास्त डोमेन ठेवायची आहेत त्यांनी थेट इथून सुरुवात करावी.

‘मायडेस्टिनेशन’मध्ये आता फक्त लोकलहोस्ट आणि सर्व्हरचं स्वतःचं नाव. तिन्ही डोमेन ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’मध्ये. कोणकोणते पत्ते आहेत ते ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स मॅप्स’च्या टेबलात, प्रत्येक पत्ता पूर्ण, डोमेनसकट. मेल पुढे डोव्हकॉटला एलएमटीपीने (सर्व्हरच्या आतल्या आत मेल सोपवायची पद्धत) जातं. लिनक्सचे युजर सगळे काढून टाकले. आता ‘व्हीमेल’ नावाचा एकच युजर, आयडी ५०००, आणि सगळं मेल त्याच्या मालकीचं. डोव्हकॉटमध्ये मेलची जागा अशी लिहिली की आधी डोमेनचं फोल्डर, आत नावाचं फोल्डर. लॉगिनही पूर्ण पत्त्याने.

यात दोन ठिकाणी अडकलो. पहिलं म्हणजे छापखान्याचं डोमेन ‘मायडेस्टिनेशन’मधून काढायचं राहून गेलं. लॉगमध्ये इशारा येत होता की हे डोमेन ‘मायडेस्टिनेशन’ आणि ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’ या दोन्हींत लिहू नका. मी तो अर्धा तास वाचलाच नाही. मेल मात्र ‘असा युजर नाही’ म्हणून परत जात होतं.

दुसरं जास्त छुपं होतं. माझ्या जुन्या टिपणांतून डोव्हकॉटची एक ओळ जशीच्या तशी उचलली होती, ‘ऑथ युजरनेम फॉरमॅट’ची. तिच्यात फक्त ‘@’ च्या आधीचा भाग घ्यायला सांगितलेलं होतं. एका डोमेनच्या सर्व्हरवर ते चालून जातं. इथे पोस्टफिक्स पूर्ण पत्ता देत होता, डोव्हकॉट त्यातलं डोमेन छाटत होता, आणि मग ‘इन्फो’ नावाचा कोणी सापडत नाही म्हणून मेल नाकारत होता. मी जर पासवर्डच्या फाइलमध्ये नुसतं ‘इन्फो’ लिहिलं असतं, तर कालचाच घोळ पुन्हा झाला असता आणि या वेळी पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये त्याचा मागमूसही दिसला नसता. ती ओळ काढली.

तपासायला दोन आज्ञा उपयोगी पडल्या. ‘पोस्टमॅप’ला क्यू लावून पूर्ण पत्ता विचारायचा: पोस्टफिक्सला तो टेबलात सापडतो का? आणि ‘डोव्हअॅडमिन युजर’: डोव्हकॉटला तोच पत्ता कोणत्या फोल्डरमध्ये दिसतो? अकराही पत्ते दोन्हींनी तपासले. टेबल बदललं की ‘पोस्टमॅप’ चालवायचं, हे आज दोनदा विसरलो. फाइलमध्ये ओळ दिसत असते, पण पोस्टफिक्स वाचतो ती त्यापासून बनवलेली दुसरी फाइल.

दुपारी काकांना आणि ग्रंथपाल मॅडमना एकाच वेळी मेल पाठवायला सांगितलं, दोघांनी एकमेकांच्या ‘इन्फो’ला. दोन्ही आपापल्या घरी पोचली. मग जेवलो.

शनिवार–रविवार, २५–२६ जानेवारी

आठवडाभर मेल येत होतं, पण जाणाऱ्या मेलबद्दल तक्रार आली. वाचनालयाचं मेल सभासदांच्या स्पॅममध्ये जातंय, छापखान्याचं मात्र व्यवस्थित पोचतंय. सर्व्हर एक, आयपी एक, मग फरक का?

माझ्या एका मोफत खात्यावर वाचनालयातून मेल मागवलं आणि त्याचे मूळ हेडर (मेलच्या वरच्या तांत्रिक नोंदी) उघडले. डीकिम (सही) पास, एसपीएफ (डोमेनचं मेल कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतं ती डीएनएसमधली यादी) ‘पर्मएरर’, म्हणजे यादीतच चूक, डीमार्क (या दोन्हींपैकी काही ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळतं का ही तपासणी) फेल. सही बरोबर असताना डीमार्क का पडतं हे कळायला वेळ लागला. मी ओपनडीकिममध्ये सगळ्यांसाठी एकच किल्ली लावली होती, छापखान्याची. त्यामुळे वाचनालयाच्या मेलवर छापखान्याच्या डोमेनची सही होती. सही खरीच होती, फक्त भलत्याची. डीमार्कला ‘फ्रॉम’मधलं डोमेन आणि सहीतलं डोमेन एकच लागतं, नाहीतर निदान एसपीएफ त्या डोमेनवर पास व्हावं लागतं. इथे दोन्ही पडले. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले आहेत, त्यामुळे हे आता नुसतं नीटनेटकेपणाचं काम राहिलेलं नाही.

एसपीएफ ‘पर्मएरर’चं कारण साधं होतं. वाचनालयाच्या डीएनएसमध्ये जुन्या मेलसेवेचा एसपीएफ तसाच होता आणि मी शेजारी नवा टाकला होता. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो, दोन दिसले की तपासणाराला चूकच द्यावी लागते. जुना काढला.

मग तीन डोमेनसाठी तीन किल्ल्या, २०४८ बिटच्या. ओपनडीकिममध्ये एका टेबलात किल्ल्यांची नावं आणि फायली, दुसऱ्यात कोणत्या पत्त्याला कोणती किल्ली. दुसऱ्या टेबलात ‘तारा@डोमेन’ असं लिहिलं होतं, तारा (*) म्हणजे कोणीही, पण सही होईना. त्या टेबलाच्या नावापुढे ‘आरईफाइल’ लिहिलं तरच तारा हे चिन्ह चालतं, नुसतं ‘फाइल’ लिहिलं तर तो ताऱ्याला अक्षरशः तारा समजतो. लॉगमध्ये यावर एक शब्द येत नाही. सही नसलेलं मेल निमूट बाहेर जातं. अडीच तास यात गेले.

डीएनएसच्या पॅनलमध्ये किल्ली चिकटवताना आणखी एक. २०४८ बिटच्या सार्वजनिक किल्लीची (सही तपासणाऱ्यांसाठी डीएनएसमध्ये ठेवायचा भाग) अक्षरं ३९२ होतात, आणि टीएक्सटी रेकॉर्डमधल्या (डीएनएसमधली मजकुराची नोंद) एका तुकड्यात २५५ च मावतात. काकांच्या पॅनलने किल्ली आपणहून दोन तुकड्यांत विभागली. वाचनालयाच्या पॅनलने २५५ ला कापून बाकीची टाकून दिली, कसलाही संदेश न देता. तिथे अवतरणचिन्हात दोन तुकडे हाताने केले. डीएनएसला विचारून आलेलं उत्तर आणि मूळ फाइल शेजारी ठेवून शेवटची दहा अक्षरं जुळवून बघा. पॅनलमध्ये दिसतंय म्हणजे डीएनएसमध्ये आहे, असं धरू नका.

शेवटी एका मोठ्या मेलसेवेकडून सरळ नकार येत होता. आपला सर्व्हर आयपीव्ही६ (आयपी पत्त्याचा नवा, लांब प्रकार) वरूनही मेल पाठवत होता आणि त्या पत्त्याला मी पीटीआर लावलाच नव्हता. लावला. काही तासांनी मेल जायला लागलं.

झेंडावंदनाला वाचनालयात जाऊन आलो, तेवढाच खंड.

रविवार, २ फेब्रुवारी

ताईचं डोमेन. आधीच्या दोघांच्या घाईत झालेली चूक टाळली: एमएक्सचा टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) तीन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणला. (वाचनालयाच्या वेळी तो २४ तासांचा होता, त्यामुळे दिवसभर काही मेल जुन्या सेवेतच उतरत राहिलं आणि जुन्या सेवेतलं मेल नव्या सर्व्हरवर उतरवणारं ‘आयमॅपसिंक’ पुन्हा चालवावं लागलं.) ताईचे चार मेलबॉक्स, ९ जीबी, नकाशांची जडच्या जड मेल. ‘आयमॅपसिंक’ रात्री लावून झोपलो. सकाळी बहुतेक आलं होतं. मग एमएक्स बदलला आणि दोन तासांनी उरलेलं आणण्यासाठी पुन्हा एकदा चालवलं.

ताईचा एकच आग्रह. “फोनमध्ये सर्व्हरचं नाव माझ्या डोमेनचं दिसू दे रे, छापखान्याचं काय दिसतंय?” तिच्या डोमेनमध्ये सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारी नोंद) करून एमएक्स त्याकडे वळवावा असं मनात आलं होतं, पण एमएक्सने सीनेमकडे बोट दाखवायचं नाही हा १९९७ पासूनचा नियम आहे. शिवाय प्रमाणपत्रात ते नाव नसल्याने फोन तक्रार करणार. तिला समजावलं की हे नाव फक्त तिलाच आणि फक्त एकदाच, फोनमध्ये भरताना दिसतं. गिऱ्हाइकांना तिचाच पत्ता दिसतो. पटलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज एक शंका तपासली आणि बरं झालं तपासली. छापखान्याच्या ‘हिशेब’ खात्याने लॉगिन करून, पाठवणारा म्हणून वाचनालयाच्या ग्रंथपालांचा पत्ता घातला. सर्व्हरने मेल घेतलं, वर वाचनालयाच्या किल्लीने सही केली आणि रवाना केलं. एसपीएफ पास, डीकिम पास, डीमार्क पास. म्हणजे काकांच्या दुकानातल्या कोणाचाही पासवर्ड फुटला असता, तर वाचनालयाच्या नावाने कोणालाही अस्सल दिसणारं मेल पाठवता आलं असतं. मी गेल्या महिन्यात केलेलं किल्ल्यांचं सगळं काम उलट त्या खोट्या मेलला खरेपणाचा शिक्का देत होतं. येणारं मेल मी डोमेनप्रमाणे वेगळं केलं होतं, जाणारं केलंच नव्हतं.

‘सेंडर लॉगिन मॅप्स’चं टेबल केलं: कोणता पत्ता कोणत्या लॉगिनला वापरता येईल. अकरा पत्ते स्वतःच्याच लॉगिनला. फक्त वाचनालयाचा ‘इन्फो’ ग्रंथपाल आणि कार्यवाह दोघांना. मग ‘रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच’ हा नियम पोस्टफिक्सच्या मुख्य फाइलमध्ये, ‘मेन डॉट सीएफ’मध्ये, लावला. पुन्हा तीच चाचणी केली. नाकारलं: हा पत्ता या युजरचा नाही. समाधान वाटलं.

हा नियम लिफाफ्यावरचा (सर्व्हरला सांगितलेला) पत्ता बघतो, मेलच्या आतलं, वाचणाऱ्याला दिसणारं ‘फ्रॉम’ बघत नाही. तो भाग अजून उघडाच आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कार्यवाह सर म्हणाले, “चार दिवसांत वेबसाइटवरून एकही अर्ज आला नाही. एरवी रोज एक-दोन येतात.”

वाचनालयाची वेबसाइट दुसऱ्याच ठिकाणी आहे. तिथला सभासदत्वाचा अर्ज भरला की वेबसाइट वाचनालयाच्याच पत्त्यावरून वाचनालयाच्याच पत्त्यावर मेल पाठवते, २५ नंबरवर, लॉगिन न करता. रविवारी लावलेला माझा नियम सगळीकडे लागू झाला होता. आमच्या पत्त्यावरून, पण लॉगिन न करता आलेलं प्रत्येक मेल ५५३ (नकाराचा आकडा) देऊन परत जात होतं. लॉगमध्ये सात नकार होते.

नियम ‘मेन’मधून काढला. ‘मास्टर डॉट सीएफ’मध्ये (पोर्टप्रमाणे वेगळी मांडणी लिहायची फाइल) फक्त ५८७ आणि ४६५ (लॉगिन करून मेल पाठवायची दारं) च्या खाली ठेवला, आणि तोही ‘रिजेक्ट ऑथेंटिकेटेड सेंडर लॉगिन मिसमॅच’ या रूपात, जो फक्त लॉगिन केलेल्यांनाच बघतो. वेबसाइटच्या सर्व्हरचा आयपी वाचनालयाच्या एसपीएफमध्ये घातला.

सातपैकी पाच अर्ज वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये सापडले. उरलेल्या दोघांचा पत्ता नाही. नियम लावायच्या आधी त्या डोमेनच्या नावाने मेल कुठून-कुठून निघतं याची यादी करायला हवी होती: वेबसाइट, बिलाचं सॉफ्टवेअर, स्कॅनर, सगळं.

रविवार, १६ फेब्रुवारी

काकांना ‘कॅच-ऑल’ हवं होतं. गिऱ्हाइकं ‘इन्फो’च्या जागी ‘इंफो’, ‘ऑफिस’, काहीही लिहितात, ते सगळं एका ठिकाणी यावं. ‘व्हर्च्युअल एलियास मॅप्स’मध्ये ‘@छापखाना’ ते ‘इन्फो@छापखाना’ अशी ओळ टाकली. अर्ध्या तासात ‘हिशेब’चं मेल बंद. सगळं ‘इन्फो’त. पोस्टफिक्स एलियासचं टेबल मेलबॉक्सच्या आधी बघतो, म्हणून कॅच-ऑल खऱ्या मेलबॉक्सचंही मेल उचलतो. उपाय म्हणजे प्रत्येक खऱ्या पत्त्याची स्वतःकडेच नेणारी ओळ: ‘हिशेब@छापखाना’ ते ‘हिशेब@छापखाना’. विचित्र दिसतं, पण लागतं.

दोन दिवसांत काकांनीच सांगितलं, “काढ बाबा ते. नको त्या नावांनी कचरा येतोय.” काढलं. त्याऐवजी चार नेहमीच्या चुकीच्या नावांच्या ओळी टाकल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

वाचनालयाकडे एक देवनागरी डोमेनही आहे, ‘डॉट भारत’मधलं. हे २०१४ पासून घेता येतं. वेबसाइट त्यावर उघडते. कार्यवाह सरांची फार इच्छा, की २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात सांगायचं, आता वाचनालयाला मराठी पत्त्यावर मेल पाठवा. मलाही ते मनापासून हवं होतं. सर्व्हर आपला आहे, तर आपल्या लिपीतला पत्ता त्यावर चालायलाच हवा.

मित्राच्या सर्व्हरवरून मेल मागवलं. पहिला नकार: ‘रिले अॅक्सेस डिनाइड’, म्हणजे हे डोमेन आपलं नाही. मी टेबलात डोमेनचं इंग्रजी अक्षरांतलं रूप लिहिलं होतं, ते एक्स-एन आणि दोन रेघांनी सुरू होणारं लांबलचक. मेल मात्र देवनागरी रूपात आलं. पोस्टफिक्स टेबलात शोधताना एका रूपाचं दुसऱ्यात रूपांतर करत नाही. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी डोमेन. दोन्ही रूपं लिहिली, डोमेनच्या यादीत आणि पत्त्यांच्या टेबलातही.

दुसरा नकार जास्त अवघड: ‘एसएमटीपीयूटीएफ८ लागतं, पण समोरच्याने ते देऊ केलं नाही’. समोरचा म्हणजे आपलाच डोव्हकॉट. पोस्टफिक्सला हे, म्हणजे इंग्रजीबाहेरच्या लिपीतले पत्ते हाताळणं, २०१५ पासून येतं, पण डेबियन १२ मधल्या डोव्हकॉटचं एलएमटीपी असं मेल घेत नाही. मेल दारात येऊन, आत घेऊन, घरातल्या घरात परत फिरत होतं.

दिवसभर वेगवेगळ्या वाटा बघितल्या. एलियास लावून पत्ता इंग्रजी केला तरी हेडरमधली देवनागरी तशीच राहते आणि अडचणही तशीच. शेवटी चाललं ते असं: पोस्टफिक्सकडे स्वतःचं ‘व्हर्च्युअल’ नावाचं पोचवणारं आहे, ते डोव्हकॉटला न विचारता थेट मेलडिरमध्ये (प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवणारं फोल्डर) फाइल ठेवतं. ‘ट्रान्सपोर्ट मॅप्स’मध्ये फक्त देवनागरी डोमेन (दोन्ही रूपं) त्याच्याकडे वळवलं. मेलबॉक्सच्या टेबलात या पत्त्यांसमोर वाचनालयाच्या नेहमीच्या ‘इन्फो’ फोल्डरचा मार्ग लिहिला, शेवटी तिरकी रेघ देऊन. ती रेघ नसेल तर मेलडिरऐवजी सगळं मेल एकाच फाइलमध्ये जातं. युजर आणि ग्रुप दोन्ही ५०००. बाकीच्या पत्त्यांसमोर मी नुसतं ‘ओके’ लिहिलेलं आहे, कारण एलएमटीपीला तो मार्ग लागत नाही. या दोन ओळींना मात्र लागतो.

रात्री साडेदहाला मेल आलं. ‘प्रति’च्या ओळीत पूर्ण देवनागरी डोमेन, वाचनालयाच्या नेहमीच्या इनबॉक्समध्ये, वेगळं लॉगिन न करता. स्क्रीनचा फोटो काढून सरांना पाठवला. त्यांनी एकच ओळ उलट लिहिली: “आता आजोबांच्या पिढीतल्या सभासदांनाही पत्ता वाचता येईल.”

सध्या या पत्त्यावर फक्त मेल येतं. उत्तर इंग्रजी अक्षरांतल्या डोमेनवरून जातं, कारण पुष्कळ ठिकाणचे सर्व्हर असा पत्ता अजून घेत नाहीत. ‘@’ च्या आधीचं नावही इंग्रजीतच ठेवलंय. कार्यक्रमात तसं स्पष्ट सांगायला सरांना सांगितलं.

शनिवार, १ मार्च

हिशेब. सर्व्हरचे दोन महिन्यांचे १,५३४ रुपये. दुसरा खर्च नाही. माझे तास लिहून ठेवले होते: एकूण ६१. त्यातले साधारण २० नुसत्या १५ जानेवारीच्या ‘मायडेस्टिनेशन’पायी गेले. व्हीमेलचं पूर्ण फोल्डर आणि ‘ईटीसी’ (मांडणीच्या फायलींचं फोल्डर) रोज रात्री घरच्या मशीनवर उतरतं. एक मेलबॉक्स पुसून परत आणून पाहिला, वीस मिनिटं लागली.

शनिवार, १२ एप्रिल

सकाळी सगळ्यांचे फोन. फोनमध्ये ‘प्रमाणपत्राची मुदत संपली’ असं येतंय, मेल दिसत नाही. पण ताई म्हणाली, “पाठवलेलं जातंय रे, फक्त आलेलं दिसत नाही.” तिच्या या एका वाक्याने माझा तास वाचला.

प्रमाणपत्र १२ जानेवारीचं, ९० दिवस आज भरले. प्रमाणपत्र आपोआप नवं करणाऱ्या सर्टबॉटने मार्चच्या मध्यातच नवं आणून ठेवलं होतं, डिस्कवर ते बरोबर होतं. पोस्टफिक्सच्या प्रक्रिया थोड्या वेळाने संपून नव्या सुरू होतात, त्यामुळे त्याने नवं उचललं. डोव्हकॉट मात्र सुरू होताना वाचलेलं जुनंच धरून बसला होता. त्याला रीलोड केलं, लगेच चालू.

सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय’ फोल्डरमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवली, नवं प्रमाणपत्र आलं की दोन्ही सेवा रीलोड. ती हाताने एकदा चालवून पाहिली. शिवाय रोज सकाळी ९९३ (मेल वाचायचं दार) आणि ४६५ वर प्रत्यक्ष जोडून मुदत तपासणारी आणखी एक. ती डिस्कवरची फाइल बघत नाही, सर्व्हर जे दाखवतो ते बघते. वीस दिवसांपेक्षा कमी उरले की मला कळवेल. कळवण्याचं मेल या सर्व्हरबाहेरच्या खात्यावर जातं.

तिन्ही ठिकाणी फोन करून चालू झाल्याचं सांगितलं. काकांकडे तोवर चार प्रूफं येऊन थांबली होती.